टेबलाचे डोळे आले

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातांना काय झालंय, असं ऑफिसात चार जणांनी विचारून झालं. नखांच्या कडा तपकिरी, तळव्यांवर काहीतरी चिकट, आणि सोमवारी सकाळी अंगाला स्पिरिटचा मंद वास. टीम लीडने तर एकदा बाजूला घेऊन "घरी सगळं ठीक आहे ना रे?" असं हळूच विचारलं. त्याची तरी काय चूक म्हणा!

तर खुलासा असा, की अस्मादिक टेबलाला पॉलिश करत होते. एकाच टेबलाला. बारा आठवडे.

टेबल आजोबांचं. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. १९६३ साली साताऱ्यात सुताराला घरी बसवून करून घेतलेलं, अस्सल सागवान, साडेचार फूट लांब, अडीच फूट रुंद, तीन खण. त्यातला उजवा खण माझ्या जन्माआधीपासून पावसाळ्यात अडकतो. अण्णांची बदली पुण्याला झाली तेव्हा टेबलही ट्रकमधून आलं आणि मग हललं नाही. पृष्ठभागावर चहाच्या कपांची पांढरी वर्तुळं, एका कोपऱ्यात शाईचा डाग, आणि जिथे अण्णांचा कोपर टेकायचा तिथलं पॉलिश पार उडालेलं.

आता आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. ऑगस्टअखेर जागा रिकामी करून द्यायची आणि तीन वर्षं भाड्याच्या टू बीएचकेमध्ये राहायचं. तिथे काय न्यायचं नि काय नाही यावर घरात रोज रात्री जेवताना मीटिंग. बाबांचा निकाल पहिल्याच दिवशी लागला होता : टेबल जुन्या बाजारात. "त्याचा अवतार बघा. आणि कोण बसतंय त्यावर?" आई तटस्थ. आजी (वय वर्षं ८४) एकदाच म्हणाली, "बघा बाबा तुम्ही काय ते," आणि वाटीतली आमटी संपवून उठली. आमच्या आजीला ओळखणाऱ्याला यात काय म्हटलं गेलंय ते बरोब्बर कळतं. मी म्हटलं, मी पॉलिश करतो. माणसात आणण्यासारखं झालं तर न्यायचं, नाहीतर तुम्ही म्हणाल तसं. बाबा हसले. त्यांना माझा लाकूडकामाचा पूर्वानुभव ठाऊक होता. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये एक लॅप जॉइंट जमा करावा लागतो. तो मी सीनियरकडून दीडशे रुपयांना विकत घेतला होता.

अनुभव नसला की माणूस काय करतो? व्हिडिओ बघतो. चार व्हिडिओंनंतर माझं मत पक्कं झालं, की पॉलिश वगैरे जुनाट प्रकार असून आधुनिक माणसानं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन मारावं. पाणी पडलं तरी डाग नाही, गरम कप ठेवला तरी काही नाही. गोल फिरणारं सँडिंग मशीन मागवलं, ८० नंबरचा पॉलिश पेपर लावला आणि एका शनिवारी टेबलाच्या डाव्या अर्ध्या भागावर तुटून पडलो. डाव्याच, कारण आपण शिस्तीची माणसं. आधी फेज वन, रिझल्ट बघू, मग उरलेलं. (ही एकच गोष्ट मी त्या महिन्यात शहाण्यासारखी केली, आणि तीही कारण न कळता.) साठ वर्षांचा काळपट थर पिठासारखा उडाला आणि खालून लख्ख पिवळं लाकूड निघालं. फार बरं वाटलं. रविवारी ब्रशनं पीयूचा पहिला हात दिला.

दहा मिनिटांत टेबलाचे डोळे आले.

दुसरा शब्दच नाही. ओल्या थरात जागोजागी गोल खड्डे पडायला लागले. मधे कोरडं लाकूड, भोवती जाडसर कडा. ब्रश फिरवला की बुजतात, हात काढला की पुन्हा उघडतात आणि आपल्याकडे बघत बसतात. याला इंग्रजीतसुद्धा माशाचे डोळेच म्हणतात हे नंतर कळलं. शिवाय मी डबा उघडण्याआधी खोकल्याच्या औषधासारखा खळाखळा हलवला होता, त्यामुळे थरभर बारीक बुडबुडे. पीयू हलवायचं नसतं, काडीनं सावकाश ढवळायचं असतं. शिवाय पंखा चालू, म्हणून त्यावर धूळ. वाळल्यावर हात फिरवला तर बारीक पॉलिश पेपर लागावा तसं खरखरीत. बाबा येऊन बघून गेले. बोलले काहीच नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

माझ्या धंद्यात अशा वेळी लॉग बघतात. लाकडाला लॉग नाही. एका मित्राच्या ओळखीनं भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळ एक पॉलिशवाले काका सापडले. सत्तरीचे, बोटं चॉकलेटच्या रंगाची. त्यांना मोबाईलवर फोटो दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "ह्याला आधी काय पुसत होता?"

"काही नाही हो. ओलं फडकं."

"काहीतरी चकाकीचं मारलेलं असणार. घरी इचारा."

घरी विचारलं. आई म्हणाली, तुझ्या बाबांना विचार. आणि मग उलगडा झाला, की बाबा दर रविवारी गाडी पुसून झाली की डॅशबोर्डला मारायचा स्प्रे टेबलावरही मारायचे. "जरा चमक येते," म्हणे. वीस वर्षं. गाड्या दोन बदलल्या, स्प्रे तोच.

त्या चमकेत सिलिकॉनचं तेल असतं. पॉलिशच्या भेगांतून ते लाकडात उतरतं आणि तिथेच राहतं, वाळत नाही की उडत नाही. त्याच्यावर कुठलाही ओला थर दिला की तो तिथून अंग चोरून मागे सरतो. अळवावरचं पाणी कसं पानाला चिकटत नाही, तसंच. मी मशीन फिरवून ते काढलं तर नव्हतंच, उलट डाव्या भागावर सगळीकडे नीट सारवून ठेवलं होतं. काकांचा इलाज : मारलंय ते सगळं उतरवा, टर्पेंटाईननं पुसा, दर खेपेला फडकं नवं घ्या (जुन्या फडक्यानं तेल परत तिथेच जातं), आणि वर लाखेचं पॉलिश करा. सिलिकॉनला लाख इतर कशाहूनही कमी घाबरते. पीयूच मारायची हौस असेल तरीसुद्धा मधे एक लाखेचा थर दिला तर तो खालचं तेल दाबून धरतो. मात्र त्यासाठी मेण काढलेली लाख लागते, कारण साध्या लाखेत मूळचंच थोडं मेण असतं आणि त्यावर पीयू नीट धरत नाही.

निघताना काका म्हणाले, "दिवा घ्या न् आडवा धरून बघा. वरनं काय दिसत न्हाई. आन् कागद दमानं मारा. पॉलिश कितीबी येळा निघतंय, लाकूड कुठनं आणणार?"

रात्री घरी येऊन हॉलचे दिवे बंद केले आणि मोबाईलचा टॉर्च टेबलाच्या पातळीला आडवा धरला. डाव्या बाजूला खड्डे, बुडबुडे आणि त्यांच्या खाली माझ्या ८० नंबरच्या कागदानं काढलेली गोल गोल कोळ्याची जाळी. ही वरून खरंच दिसत नव्हती. प्रकाश तसाच पुढे उजव्या अर्ध्या भागावर गेला. तिथे मी अजून हातही लावला नव्हता.

तिथे आकडे होते.

कागद टेबलावर ठेवून कुणीतरी दाबून लिहिलं होतं आणि ते पॉलिशमध्ये उमटलं होतं. एकावर एक, वेडेवाकडे, टॉर्च जरा हलवला की नाहीसे. अण्णा हिशेब लिहायचे हे मला माहीत होतं. दुधाचा, वाण्याचा, इस्त्रीचा. म्हटलं, अण्णांचे! आणि लगेच पोटात गोळा आला, कारण मग डाव्या बाजूला काय होतं?

सुरुवात करण्याआधी मी 'बिफोर-आफ्टर' टाकायला म्हणून फोटो काढले होते. ते शोधले. एका फोटोत खिडकीचा उजेड तिरका पडलाय. झूम केलं. डाव्या भागात पुसट, पण आहेत. एकाखाली एक उभी रांग, मराठी आकडे, दोन ठिकाणी रेघ मारून खाली बेरीज. फोटो इतका धूसर आहे की एकही आकडा खात्रीनं वाचता येत नाही. एक पाच असावा. किंवा सहा. प्रत्यक्षात ते सगळं आमच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीतून कचऱ्याच्या गाडीत गेलं होतं.

उजवीकडचे आकडे मग मी नीट बघितले. इंग्रजी आकडे. आणि एके ठिकाणी चक्क ०.३०१०. ही संख्या सायन्सच्या कुठल्याही पोराला झोपेतसुद्धा ओळखता येते. दोनचा लॉग. अण्णा कशाला लॉग टेबल वापरतील? बाबांना हाक मारली. ते आले, टॉर्च स्वतःच्या हातात घेतला, वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"बारावी," ते म्हणाले. "केमिस्ट्री. हा सात बघ, मधे रेघ मारलेला. अण्णा ओरडायचे, कागदाखाली पुठ्ठा घे म्हणून."

मी त्यांना डाव्या बाजूचा फोटो दाखवला. सांगणं भागच होतं. त्यांनी फोटो मोठा केला, छोटा केला, पुन्हा मोठा केला. मग फोन परत देऊन म्हणाले, "अक्षर त्यांचंच आहे." आणि आत गेले. त्या रात्रीनंतर जुना बाजार हा शब्द घरात निघाला नाही, पण मला त्याचा आनंद वगैरे झाला नाही. चूक कुठल्या ओळीत आहे ते कळलं होतं आणि ती ओळ आता दुरुस्त होणार नव्हती.

आता प्रश्न असा, की उजव्या बाजूचं करायचं काय? काकांना फोन केला. ते म्हणाले, आकडे नुसते पॉलिशमध्ये असतील तर स्पिरिट लावलं की गेले. लाकडात उतरले असतील तर राहतील. बघायचं असेल तर कडेच्या एखाद्यावर बघा. म्हणजे एक आकडा पणाला लावायचा. मी अगदी टोकाचा एक शून्य निवडला (शून्यच बरा!), चिंधीचं टोक स्पिरिटमध्ये बुडवून त्यावर टेकवलं. पॉलिश लगेच चिकट झालं. म्हणजे हे जुनं लाखेचंच पॉलिश होतं हे तरी नक्की झालं. स्पिरिटला विरघळतं ते लाखेचं, थिनरला विरघळतं ते लॅकर, आणि दोन्हीला दाद देत नाही ते पीयूसारखं काहीतरी. चिकट झालेलं टिपून घेतलं, वाळू दिलं, टॉर्च आडवा धरला. शून्य होता. कडा जरा बोथट झाल्या होत्या, पण होता. सागवान काही दगड नव्हे. आमच्या बारावीतल्या बाबांनी चांगलाच जोर दिलेला असणार.

मग ठरलं. उजवीकडे कागद मारायचाच नाही. फक्त टर्पेंटाईन, कारण त्यात लाख विरघळत नाही आणि वरचं तेल, मेण, मळ तेवढा निघतो. अकरा फडकी लागली. अकरावं बऱ्यापैकी स्वच्छ निघालं.

डावीकडचं पीयू उतरवणं हा मात्र शुद्ध कंटाळा. पेंट रिमूव्हरचा जेल लावा, थर फुगून सुरकुतला की बोथट पट्टीनं खरवडा, पुन्हा लावा. बाल्कनीचं दार सताड उघडं आणि हातात जाड रबरी मोजे, कारण ते कातडीला लागलं की असं चुरचुरतं की बस. त्यानंतर गोल जाळी काढणं. यातली गंमत अशी, की जाड कागदाचे ओरखडे एकदम बारीक कागदानं जात नाहीत, नुसते चकचकीत होतात. ८० नंतर १२०, मग १८०, मग २२०, एकही पायरी न गाळता, आणि हातानं, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. प्रत्येक पायरीनंतर स्पिरिटचं फडकं मारायचं. ओलं असताना लाकूड जसं दिसतं, साधारण तसंच पॉलिशनंतर दिसणार असतं. चोर आत्ताच पकडला तर बरा, तीन हात चढल्यावर पकडून उपयोग नाही. माझा दोन शनिवारांचा वेळ या जाळीनं खाल्ला. मशीननं ती पंधरा मिनिटांत पाडली होती.

लाखेबद्दल थोडं. मला हे सगळं तेव्हाच कळलं आणि अजून आश्चर्य वाटतं. लाख म्हणजे एका बारक्या किड्यानं पळस, बोर, कुसुम असल्या झाडांच्या फांद्यांवर स्वतःभोवती केलेलं कवच. ते खरवडून, धुवून, वितळवून पातळ पापुद्रे करतात, तीच चपडा लाख. झारखंडमध्ये याची मोठी पैदास होते आणि रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ सालापासून आहे. आपल्या गोळ्यांवरचं चकचकीत आवरण बरेचदा लाखेचं असतं, आणि आजोबा-पणजोबांच्या काळातल्या ७८ आरपीएमच्या तबकड्या लाखेच्याच असायच्या. म्हणजे नाट्यसंगीतही आपण किड्याच्या कृपेनं ऐकलं. असो.

कामाचा मुद्दा हा, की लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि वाळल्यावरही पुन्हा स्पिरिटमध्येच विरघळते. त्यामुळे दुसरा हात पहिल्याला जरासा वितळवून त्याच्यात मिसळतो. शंभर हात द्या, शेवटी थर एकच. पीयूचं तसं नाही. ते वाळताना त्याच्या आत कायमच्या गाठी बसतात, म्हणून ते चिवट असतं, आणि म्हणूनच बिघडलं की खरवडण्याशिवाय गत्यंतर नसतं. पीयू प्रॉडक्शनला गेलेला कोड आहे. लाखेला कधीही रोलबॅक मारता येतो.

आणि मला तो सारखा लागत होता.

पहिला रोलबॅक : बोहरी आळीतल्या एका दुकानातून तयार पॉलिशची बाटली आणली होती. धूळ पुसून दिली तेव्हाच शंका यायला हवी होती. दुसऱ्या दिवशीही बोट लावलं की ठसा उठत होता. स्पिरिटमधली लाख महिनोन् महिने पडून राहिली की हळूहळू बदलते आणि मग कडक वाळतच नाही. काच घेऊन त्यावर एक थेंब टाकून ठेवायचा, सकाळी नखानं टोचून बघायचं, एवढी साधी परीक्षा. मी ती टेबलावर घेतली. स्पिरिटनं सगळं पुसून काढलं, चपडा विकत आणला आणि बरणीत रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत घातला. पाककृती इतकीच.

लावायला ब्रश नाही, बोळा. आत कापूस, बाहेर धुवून धुवून विरलेलं सुती कापड, ज्याचे धागे निघत नाहीत. आजीनं ट्रंकेतून अण्णांचं धोतर काढून दिलं. मी नको नको म्हणत होतो. "अरे, फडकी करायलाच ठेवलंय ते," म्हणाली आणि स्वतःच टर्रकन फाडलं. बोळा टेबलावर टेकवताना आणि उचलताना विमानासारखा उतरवायचा नि उडवायचा. मधे थांबलात तर चिकटतो आणि खालचं सोलून काढतो. माझा थांबला. दोनदा. (रोलबॅक दोन आणि तीन.) चिकटू नये म्हणून त्यावर जवसाच्या तेलाचा एखादा थेंब लावतात. तेलाची फडकी मात्र कोंबून टाकायची नाहीत, उघडी पसरून वाळवायची, कारण जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. तसंच स्पिरिटची वाफ. आमचा देव्हारा त्याच खोलीत, आणि आजीचं निरांजन सातला म्हणजे सातला. तीन आठवडे देवांचा मुक्काम स्वयंपाकघराच्या कट्ट्याजवळ हलवला होता. गॅसही जवळ, पण पॉलिशपासून दोन्ही लांब. देवांनी तक्रार केली नाही.

मग जुलैचा तिसरा आठवडा. दिवसभर पाऊस, संध्याकाळी जरा थांबला, तेवढ्यात मी एक हात देऊन घेतला. अगदी सुरेख बसला. हात धुवून आलो तर टेबल पांढरं. थंडीत काचेवर श्वास सोडावा तसं सगळं धुकं, उजवीकडे तर आकडे अजिबात दिसेनात. मला घामच फुटला. काकांना फोन लावला, ते जेवत होते. "पाऊस हाय का? मग पांढरंच होणार. आज हात लावू नका. झोपा."

झोप कुठली! पण कारण शोधलं तेव्हा पटलं. स्पिरिट झपाट्यानं उडतं आणि उडताना पृष्ठभाग थंड करतं, इंजेक्शनआधी दंडाला लावल्यावर गार वाटतं तसंच. बाहेर हवा दमट, त्यात हा थंड पृष्ठभाग, मग त्यावर दव धरणारच. ते बारीक पाणी वाळत्या थरात अडकतं आणि पांढरं दिसतं. चहाच्या कपाचं पांढरं वर्तुळही याचंच भावंड, उष्णता आणि वाफ मिळून केलेलं.

मी एक आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र घेतलं आणि रोज दुपारी त्याच्याकडे शेअर बाजारासारखं बघायला लागलो. ८८, ८५, ९१. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उघडीप मिळाली. एका दुपारी आकडा ६४ वर आला. वर्क फ्रॉम होम होतं, एक मीटिंग म्यूटवर टाकली (टीम लीड, तुम्ही हे वाचत असाल तर माफी) आणि बोळा स्पिरिटमध्ये बुडवून चांगला पिळून घेतला. नुसता दमट हवा, ओला नको. हलक्या हातानं, झुळूक गेल्यासारखा एकदाच फिरवला. धुकं बोळ्याच्या मागे मागे विरत गेलं. वरचा थर क्षणभर मऊ होतो, अडकलेलं पाणी निघून जातं, आणि स्पिरिट उडून लाख पुन्हा घट्ट. मी आयुष्यात बरेच बग सोडवले असतील, पण असा डोळ्यांदेखत जाणारा एकही नाही. मागे ०.३०१० पुन्हा दिसला.

शेवटचं दुखणं रंगाचं. डावा अर्धा घासलेला, पिवळाधमक. उजवा साठ वर्षांचा, मधासारखा तपकिरी. बरोब्बर मधोमध सीमारेषा. काकांनी पिवडी, गेरू आणि जराशी काळी पूड अशी तीन पुड्यांत दिली. पातळ पॉलिशमध्ये चिमूटभर घालून डाव्या भागावर एकेक विरळ हात द्यायचा, रंग पोचेपर्यंत. मी रात्री साडेअकराला ट्यूबखाली बसून अगदी जुळवला, खूश होऊन झोपलो. सकाळी उन्हात बघतो तर डावी बाजू गुलाबी! विटकरीच म्हणा ना. रंग दिवसाउजेडी जुळवायचा असतो, हे साडी दुकानाबाहेर नेऊन बघणाऱ्या कुठल्याही बाईनं सांगितलं असतं. आईनं सांगितलंच. स्पिरिट, फडकं, पुन्हा सुरुवात. रोलबॅकची मोजणी मी इथे सोडून दिली.

दुसऱ्या खेपेला बाबा शेजारी स्टूल घेऊन बसले. "अजून काळं," "थांब," "कडेला कमी." शेवटी बोळाच मागितला. त्यांचा हात माझ्यापेक्षा सावकाश फिरतो, आणि बोळ्याला तेच हवं असतं. सीमारेषा अजून आहे. आडव्या प्रकाशात ठळक दिसते. डावीकडे गुळगुळीत, उजवीकडे केमिस्ट्री.

२७ ऑगस्टला टेम्पो आला. टेबल आता भाड्याच्या घरात खिडकीशी आहे, त्यावर आजीच्या गोळ्यांचा डबा, शब्दकोडं आणि तिची पोथी. आईचं म्हणणं वर काच टाकावी. बाबा नको म्हणाले, काचेनं हाताला गार लागतं. डॅशबोर्डचा स्प्रे मी गाडीच्या डिकीत, स्टेपनीच्या खाली ठेवलाय आणि त्याबद्दल घरात कुणी विचारलेलं नाही.

चहाचं पहिलं वर्तुळ आठव्या दिवशी पडलं. माझ्याच कपाचं. दुपारी ऊन होतं, दोन मिनिटांत काढलं.

उजवा खण अजून अडकतो, उलट आता हिवाळ्यातही अडकायला लागलाय, कारण हौसेच्या भरात मी त्याच्या सरकण्याच्या पट्ट्यांनाही चार हात पॉलिश चढवून ठेवलंय. तिथे पॉलिश करत नाहीत म्हणे, मेणबत्ती घासतात. या शनिवारी घासतो.